तुमच्याच कॉम्प्युटरवरून

तुमच्याच कॉम्प्युटरवरून, असं लिहिलं होतं. बस, एवढंच. म्हणजे ईमेल तशी लांबलचक होती, वर प्रिय दीनानाथ, खाली आपली विश्वासू अमांडा, मधे खेद, सहकार्य, धोरण असले गुळगुळीत शब्द, पण दीनानाथची नजर जाऊन आपटली ती त्या एका ओळीवर आणि तिथेच पडून राहिली. तपास पूर्ण झाला आहे. त्या बुधवारी दुपारी तुमच्या खात्यातून जो खेळ झाला तो तुमच्याच पासवर्डने, तुमच्याच इंटरनेटवरून आणि तुमच्याच कॉम्प्युटरवरून झाला. बाहेरचं कोणी आत शिरल्याची खूण नाही, तेव्हा अकाउंट हॅक झाल्याचा तुमचा दावा आमच्या कसिनोला मान्य करता येत नाही. आणि मग खाली, जणू निघता निघता आठवलं म्हणून, आणखी दोन ओळी: घरातल्या दुसऱ्या कोणी तुमच्या नकळत हे केलं असेल तर त्या व्यक्तीचं नाव तुमच्या सहीनिशी कळवा, त्या व्यक्तीवर आम्ही कायमची बंदी घालू आणि तुमच्या रकमेचा फेरविचार करू. दीनानाथने ते वाचलं, खिडकी बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा वाचलं, आणि मग आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला, कारण हात थरथरत होते आणि ते कोणी बघावं अशी त्याची इच्छा नव्हती.

कुवेत सिटीतल्या त्या ऑफिसात दुपार अगदी मरगळून बसली होती. रमझान चालू होता. चहाच्या मशिनवर चादर टाकलेली, पँट्रीचं दार ओढून घेतलेलं, फोन वाजला की जो तो दुसऱ्याकडे बघणार, आणि सगळ्या मजल्यावर उपाशी तोंडांचा तो एक कोरडा, आंबूस वास. दीनानाथने डबा आणला होता, पण तो खाली गाडीत, मागच्या सीटवर. रमझानभर त्याचा डबा असाच गाडीतून फिरायला येतो आणि फिरून घरी जातो. रस्त्यावर खायला बंदी आहे, ऑफिसात दार लावून खाल्लं तर कुत्रंही विचारत नाही, हे काय त्याला माहीत नव्हतं? पण समोरच्या टेबलावर मुनिरा बसायची, पहाटेपासून पोटात पाण्याचा थेंब नाही आणि तरी बाई व्हाउचरमागून व्हाउचर तपासतेय, आणि आपण तिच्या नाकाखाली लसणाची फोडणी दिलेली मेथी उघडायची? संस्कार म्हणा, भीड म्हणा, त्याच्याने ते व्हायचं नाही. सकाळी शुगरची गोळी मात्र न चुकता, चहा आणि दोन मारी बिस्किटांबरोबर. गोळी आणि उपास, दोन्ही तो सारख्याच निष्ठेने करायचा, आणि त्यात काही चुकतंय असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

"दिनार, काय झालं तुला?" मुनिराने विचारलं. दीनानाथ हे नाव तिच्या जिभेला कधी पेललंच नाही, पहिल्याच आठवड्यात त्याचं दिनार झालं आणि मग अख्ख्या मजल्याने ते उचललं. "चेहरा बघ. पांढरा कागद. घरून फोन आलाय का?"

"नाही नाही. सगळं ठीक."

"मग पँट्रीत जा, दार लाव आणि काहीतरी खा."

"तू उपाशी बसणार आणि मी खाऊ?"

"अरे, मला उपाशी राहून जन्नत मिळणार आहे," मुनिरा म्हणाली. "तुला काय मिळणार आहे? ॲसिडिटी?"

आजूबाजूचे दोघेतिघे हसले, दीनानाथही हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांपुढे ती ओळ पुन्हा येऊन उभी राहिली. तुमच्याच कॉम्प्युटरवरून. म्हणजे काय म्हणायचंय या बाईला? आपणच आपल्या घरात शिरून चोरी केली आणि आता बोंब मारतोय? पंचवीस वर्षं हिशेब लिहिणारा माणूस तो, कंपनीचा एक फिल्स, इथला पैसा, कधी इकडचा तिकडे झाला नाही, आणि कुठल्या तरी बेटावर बसलेली अमांडा त्याला, हसतमुखाने, खोटारडा म्हणते.

आता हा कसिनो त्याच्या आयुष्यात आला कसा, तर एकटेपणातून आला, दुसरं काय. लेकीची, जुईलीची, दहावी झाली आणि बायको, सुमन, तिला घेऊन नाशिकला परत गेली, पुढचं शिक्षण, क्लास, एन्ट्रन्स, सगळं तिकडे. इथल्या घराघरांतून हे असंच होतं, पोरं मोठी झाली की बायका जातात आणि पन्नाशीचे नवरे पुन्हा बॅचलर होतात, दोन माणसांच्या कुकरमध्ये मुठीएवढा भात लावतात. सबाह अल-सालेमचा फ्लॅट एकदम एवढा मोठा झाला, की दुपारी ऑफिसातून येऊन चावी टेबलावर टाकली तर तिचा आवाज बेडरूमपर्यंत जायचा. मग सुशांत राहायला आला. सुशांत म्हणजे सुमनच्या बहिणीचा मुलगा, रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटचा इंजिनियर, दीनानाथनेच चार ठिकाणी शब्द टाकून त्याला इकडे आणला होता. त्याने आल्या आल्या हॉलच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर मांडला, वायर ओढली, "काका, आता मावशीला बघत बोलायचं," म्हणाला, आणि पासवर्ड काय ठेवू विचारलं तेव्हा दीनानाथने सगळ्यालाच जुईलीचं नाव सांगितलं. सुमनला बघत बोलायचं ते झालंच, पण सुमन तिकडे तासभर थोडीच बसणार? "अहो, गॅसवर दूध आहे," म्हणून ती उठायची आणि पडद्यावर नुसती नाशिकची भिंत उरायची. अशाच एका दुपारी कुठल्याशा जाहिरातीवर त्याचं बोट पडलं, आणि मग इथून ती साइट उघडत नाही तर वळसा घालून कसं शिरायचं तेही तो शिकला. हिरवं टेबल, पत्ते, आणि वर लिहिलेलं: वेलकम बॅक, दीनानाथ. अख्खं नाव! दिनार नाही, काका नाही, अहो नाही. त्याचं अख्खं नाव दिवसभरात तेवढं एकटं तेच मशीन घेत होतं.

आणि तो खेळायचा कसं, तर ऑडिट केल्यासारखं. एकच खेळ, एकवीसचा, पत्त्यांचा. कधी पान मागायचं, कधी थांबायचं, याचं कोष्टक त्याने पाठ केलेलं, मनात आलं म्हणून पान घेतलं असं एकदाही नाही. अगदी बारीक डाव, दहा-वीस मिनिटं, बंद. दोन वर्षांत ती रक्कम मुंगीच्या पावलाने वाढत गेली होती आणि तिचं काय करायचं हे त्याने कधी ठरवलंच नव्हतं, काढली नाही, सुमनला सांगितली नाही, कारण ती रक्कम पैशाची नव्हतीच मुळी. ती त्याच्या डोक्याची होती. जगभरचे लोक जिथे येऊन कपडे उतरवून जातात तिथे आपण दोन वर्षं टाय लावून बसलोय आणि गाठ सैल झालेली नाही, अशी ती गंमत होती. तिथला तो चक्राचा खेळ, रूले, त्याच्याकडे तर त्याने कधी ढुंकूनही बघितलं नाही. नशिबाची भीक, असं तो त्याला मनात म्हणायचा.

आणि खातं रिकामं झालं ते चक्रावर. ते पण कसं, तर सगळं शून्यावर. पुन्हा शून्यावर. पुन्हा शून्यावर. हिरव्या शून्यावर लावत लावत खात्याचं शून्य होईपर्यंत. हे त्याने शनिवारी बघितलं तेव्हा पहिल्यांदा त्याला रागसुद्धा आला नाही, घरात कोणी परकं माणूस येऊन आपल्या अंथरुणात झोपून गेलंय, अशी किळस आली. मग राग आला. मग त्याने लिहायला घेतलं. आधी नम्रपणे, मग मुद्देसूद, मग अ, ब, क करून. माझी दोन वर्षांची खेळण्याची पद्धत बघा, मी हा खेळ आयुष्यात खेळलेलो नाही, हे दुसऱ्याच कोणाचं काम आहे. तिकडून उत्तर यायचं, पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचं बिल पाठवा. आता इथे कोणा भाडेकरूच्या नावावर विजेचं बिल असतं? बिल मालकाच्या नावावर, टपाल कंपनीच्या पेटीवर. मग म्हणे पोलिसांत तक्रार केल्याची प्रत पाठवा. पोलिसांत! म्हणजे चौकीत जाऊन काय सांगायचं? साहेब, तुमच्या देशात जुगाराला बंदी आहे, मी तो भर रमझानात खेळत होतो, आणि आता माझा जुगार कोणीतरी चोरलाय, तर तेवढा शोधून द्या? खेळणाऱ्यांची एक साइट होती, असल्याच तक्रारींची, तिथे त्याने आपली कर्मकहाणी मांडली, तर वाचणाऱ्यांत दोन तट पडले. एक म्हणे कसिनोवालेच चोर, स्वतःच लुटतात आणि हॅकरचं नाव सांगतात. दुसरा, कुठला तरी टेक्ससचा म्हातारा, त्याने एकच ओळ लिहिली: मित्रा, सगळे हॅकच झालेले असतात, बायकोला विचार. ती ओळ वाचून दीनानाथला झोपेतून उठवून थोबाडीत मारल्यासारखं झालं होतं. बायको नाशिकला आहे, असं तो उत्तरात लिहिणार होता. पण मग घरात कोण आहे, असं त्या म्हाताऱ्याने विचारलं असतं.

घरी जाताना गाडीत त्याच प्रश्नाने त्याला गाठलं. रमझानात दुपारी दोनला कुवेतचे रस्ते म्हणजे वेडाचा बाजार, सगळं गाव एकदम सुटतं, उपाशी, तहानलेलं, हॉर्नवर हात टेकवून. दीनानाथ उजव्या लेनमध्ये धरून राहिला आणि प्रत्येक एक्झिटची पाटी मोठ्याने वाचत गेला. ही सवय त्याला गेल्या वर्षीपासून लागली होती. गेल्या रमझानात एकदा, अशाच एका दुपारी, तो ऑफिसातून निघाला तो घरी न जाता सुलैबियात जाऊन पोचला होता. सुलैबिया! म्हणजे घर दक्षिणेला आणि हा पश्चिमेला. भोवती गोदामं, पत्र्याच्या भिंती, एक ट्रकवाला काचेवर टकटक करून विचारतोय, सदीक, मित्रा, रस्ता चुकलास का, आणि दीनानाथच्या मांडीवर घामाचे थेंब पडताहेत. कसा आलो, कुठे वळलो, काही म्हणता काही नाही, मधलं सगळं रीळच कापलेलं. ट्रकवाल्याने दिलेला खजूर त्याने चघळला आणि हळूहळू जग जागच्या जागी येऊन बसलं. ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नाही. विचारांत होतो, वळण चुकलं, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि स्वतःने ते ऐकून घेतलं.

बिल्डिंगच्या दारात अशरफ खुर्ची टाकून बसला होता. अशरफ म्हणजे बिल्डिंगचा राखणदार, इजिप्तचा, आणि इंटरनेटवालाही तोच. गच्चीवर एकच कनेक्शन, तिथून बारा घरांना खिडक्यांतून वायरी सोडलेल्या. दीनानाथच्या मनात एकदम आशेचा दिवा लागला. अरे, बारा घरांचा पत्ता एकच की! कसिनोला काय कळणार कुठल्या मजल्यावरनं कोण खेळलं?

"अशरफ, आपल्या नेटवर दुसरं कोणी माझ्या नावाने काही करू शकतं? वरच्या मजल्यावरनं?"

"वल्लाही, दिनार, कसं करणार?" अशरफ आपल्या अर्ध्या हिंदी अर्ध्या अरबीत म्हणाला. ते नाव त्याच्यापर्यंतही पोचलं होतं. "पाणी एका टाकीतलं, पण तुझा नळ तुझ्या घरात. कोणी तुझा नळ सोडायचा तर त्याने तुझ्या घरात यायला पाहिजे ना?" मग जरा जवळ सरकून, "काय झालं? पोराने सिनेमे बघितले का? तरुण आहे, बघू दे की. तू नव्हतास कधी तरुण?"

दीनानाथ जिना चढायला लागला. लिफ्ट चालू होती तरी जिन्याने गेला, कारण वर पोचायला वेळ लागावा असं त्याला वाटत होतं. तुझा नळ तुझ्या घरात. घराच्या किल्ल्या दोन. एक आपल्या खिशात. म्हणजे आता ज्या दारापाशी तो गेला आठवडाभर जाऊन परत येत होता ते दार आपोआप उघडायला लागलं. सुशांत. चड्डीत असल्यापासून बघितलेला पोरगा. उन्हाळ्याच्या सुट्टीत यायचा आणि दीनानाथच्या पोटावर डोकं ठेवून झोपायचा. इकडे आला त्या रात्री विमानतळावरून घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलला नव्हता, मग एकदम म्हणाला, काका, तुम्ही नसता तर मी आलोच नसतो. त्याने? चिडून, मजा म्हणून, मित्रांच्या नादाने? आणि ही सगळी कारणं मांडत असताना दीनानाथला जिन्यात थांबावं लागलं, कारण त्याच्या लक्षात आलं की आपल्याला सुशांतने हे केलेलं हवंय. हवंय! पोरगं चोर निघावं असं आपण मनापासून इच्छितोय. कारण तो नाही, हॅकर नाही, वरच्या मजल्यावरचा नाही, तर मग त्या बुधवारचं काय?

त्या बुधवारी तो घरी आला होता. एसी लावला होता. डबा ओट्यावर ठेवला होता. पाच मिनिटं खेळू आणि मग जेवू, असं म्हणून खुर्चीत बसला होता. वेलकम बॅक, दीनानाथ. आणि मग पुढची आठवण थेट संध्याकाळची होती. पलंगावर पडलाय, खिडकीत पिवळा उजेड, घशात गोड गोड काहीतरी चिकटलंय, अंगातला बनियन सकाळचा नाही. स्वयंपाकघरात सुशांत चमच्याने काहीतरी ढवळत होता. झोपला होतात काका, गाढ, तो म्हणाला होता. मधे काय? मधे काहीच नाही. दीनानाथने गेले आठ-दहा दिवस त्या जागेवर पाय पडू दिला नव्हता, अंगणातल्या विहिरीवर फळ्या टाकाव्यात तशी तक्रारींवर तक्रारी लिहून ती जागा झाकून टाकली होती. एक तर पोरगं चोर, नाहीतर आपलं डोकं गेलं. यातलं काय पाहिजे, बोल. इतक्या वर्षांत कोणी त्याला इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. आणि ज्याचं डोकं गेलं त्याचं इथे काय काम? उद्या कंपनीला कळलं, परवा आपण कुठल्या व्हाउचरवर काय लिहून बसलो, तेरवा नाशिकच्या घराच्या गॅलरीत एक खुर्ची, आणि सुमन येणाऱ्याजाणाऱ्याला हळू आवाजात सांगतेय, यांचं आता असंच असतं.

सुशांत चारच्या सुमाराला आला. रिफायनरीच्या बसमधून उतरला की त्याच्या कपड्यांना एक करपल्यासारखा वास यायचा, आधी तो वास आला, मग सुशांत. दीनानाथ कॉम्प्युटरसमोर बसला होता, पडद्यावर ते अमांडाचं पत्र.

"सुशांत. इकडे ये. बस."

"काय झालं काका? मावशी बरी आहे ना?"

"मावशीला काय होतंय. मी एक खेळ खेळतो इंटरनेटवर. तुला ठाऊक आहे."

"हो, म्हणजे... दिसतं ना येता जाता."

"त्या खात्यातलं कोणीतरी सगळं उडवलं. मी गेले आठ दिवस भांडतोय त्यांच्याशी. ते म्हणतात बाहेरचं कोणी नाही. या घरातनं, या मशिनवरनं." दीनानाथने घसा साफ केला. "मागच्याच्या मागच्या बुधवारी. दुपारी."

बुधवारी म्हटल्याबरोबर सुशांतच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. भीती नव्हती ती. एखाद्याच्या हातातलं जड सामान बघून आपण पटकन पुढे होतो ना, तसं काहीतरी. त्याने पडद्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, त्यांच्या मांडीवरच्या थरथरणाऱ्या हातांकडे बघितलं. फ्रिजची घरघर नेमकी तेव्हाच थांबली.

"मी खेळलो काका," सुशांत म्हणाला.

"तू?"

"मी. पासवर्ड माहीतच होता ना. तुम्ही झोपला होतात. म्हटलं बघू तरी काका काय करतात. तुमचं ते एकवीसचं लावलं, पत्त्यांचं. एक डाव हरलो, मग चिडून दुसरा, मग काय, सगळंच गेलं. सांगणार होतो. हिंमत झाली नाही."

"पत्त्यांवर गेलं?"

"हो. पत्त्यांवरच. पगार झाला की भरतो काका. शप्पथ."

दीनानाथचं तोंड उघडलं होतं. पत्त्यांवर नाही रे, चक्रावर, शून्यावर, एवढे शब्द अगदी दातांच्या मागे येऊन उभे राहिले होते, आणि तो ते बोलला नाही. पत्त्यांवर! जो खेळला त्याला आपण काय खेळलो ते ठाऊक असणार की नाही? या पोराला ठाऊक नाही, कारण हा खेळलाच नाही. हा त्या दिवशी घरात आला, आणि शुगर पार उतरून खुर्चीत घामाने निथळत बसलेला, डोळे उघडे पण हाकेला ओ न देणारा, एका हाताने नुसता माउस दाबत सुटलेला आपला काका याने बघितला, आणि याने त्याच्या तोंडात साखर घातली, गालात बोट घालून घातली असणार, त्याचा बनियन बदलला, त्याला उचलून पलंगावर नेला. या सगळ्यात समोरच्या पडद्यावर काय चाललंय तिकडे पोराने बघितलंसुद्धा नव्हतं. पत्ते की चक्र, ते त्याला कुठून कळणार? आणि संध्याकाळी, झोपला होतात काका, गाढ. दीनानाथला वाटलं होतं की हे कळेल तेव्हा पायाखालची जमीन जाईल, विहिरीवरच्या फळ्या सरकतील आणि आपण खाली जाऊ. तसं काही झालं नाही. नुसता थकवा आला, अंगभर, पायाच्या नखांपर्यंत, खूप वेळ पाहुण्यांसमोर ताठ बसल्यावर पाहुणे गेले की येतो तसला. म्हणजे ते शून्य आपलं. आपल्याच हाताने, आपल्याच कॉम्प्युटरवरून. दोन वर्षं टाय लावून बसलेल्या माणसाच्या आत हा दुसरा एक कोणीतरी बसलेला होता, उपाशी, घामाघूम, शून्यावर शून्य लावणारा, आणि त्याला भेटलेला जगातला एकच माणूस आता समोर उभा राहून खोटं बोलत होता. किती वाईट खोटं बोलत होता! लहानपणी आंबे चोरून नाही म्हणायचा तेव्हाही इतकंच वाईट.

"ते लिहिलंय ना त्यांनी, नाव कळवा म्हणून," सुशांत पडद्यावरचं वाचत म्हणाला. "मग टाका की माझं नाव. मी सही पण करतो. पैसे तरी परत मिळतील. मला बंदी घातली तर काय, मी कुठे खेळणार आहे?"

आणि इथे, ही गंमत बघा, दीनानाथला खरोखरचा राग आला. गेल्या आठ दिवसांत कसिनोवर, अमांडावर, टेक्ससच्या म्हाताऱ्यावर जो राग त्याने ओढून ताणून आणला होता तो नव्हे, पोटातनं येतो तो.

"तुझं नाव?" तो उभा राहिला. "तुझं नाव मी त्या कुठल्या बाईला देऊ? जुगाऱ्यांच्या यादीत घालायला? तुझ्या आईने ते नाव माझ्या मांडीवर ठेवलं होतं, बाराव्या दिवशी, आहे का माहीत? अक्कल आहे की नाही जरा? आला मोठा सही करणारा!" त्याने ते पत्र पडद्यावरून घालवलं, मग खात्याचं पान उघडलं, कुठे काय दाबायचं ते शोधायला थोडा वेळ लागला, आणि तक्रार मागे घेतो, खेळ माझाच होता, खातं कायमचं बंद करा, एवढं उभ्याउभ्याच लिहून पाठवून दिलं. सुशांतला तो काय लिहितोय ते दिसत नव्हतं, पाठ मधे होती. "इंजिनियर झाला, पण अक्कल शून्य," दीनानाथ बोलतच होता. "काकाच्या वस्तूला हात लावायचा? विचारायची पद्धत नाही?"

"चुकलं काका."

"चुकलं म्हणे!"

"काका, आधी जेवा," सुशांत म्हणाला. तो कधी आत गेला आणि कधी ताट घेऊन आला ते दीनानाथला कळलंही नव्हतं. दुपारचा डबा, तसाच, पण गरम केलेला. मेथी, दोन पोळ्या, वाटीत आमटी, आणि बाजूला सुमनने कोणाबरोबर तरी पाठवलेल्या दिवाळीच्या फराळातला एक लाडू. "जेवा आणि मग बोला काय बोलायचं ते. मी इथेच उभा आहे."

दीनानाथ बसला. पहिला घास तोंडात गेला. त्याने रागावणं चालू ठेवलं. आई-बापांनी हेच शिकवलं का, परक्या मुलखात माणसाने कसं राहायला पाहिजे, तुझ्या वयाचे असताना आम्ही, असलं जे जे काकांच्या तोंडी असतं ते सगळं त्याने काढलं, काही दोनदा काढलं, कारण थांबलो तर या खोलीत शांतता होईल आणि त्या शांततेत दोघांनाही सगळं ऐकू येईल, हे त्याला कळत होतं. आणि मान खाली घालून उभ्या असलेल्या सुशांतलाही ते कळत असावं, कारण तो मधे मधे, आवाज पडतोय असं वाटलं की, "हो काका," "बरोबर आहे काका," अशा आगीत काटक्या घालत होता. बाहेर उजेड मवाळ व्हायला लागला होता, अशरफच्या घरातून तळणाचा वास वर येत होता, सगळी बिल्डिंग सूर्य बुडायची वाट बघत होती.

"आणि याची शिक्षा होणार," दीनानाथ म्हणाला. पोळीचा तुकडा मोडता मोडता तो जरा थांबला. "अशी सोडणार नाही मी."

"सांगा ना."

"उद्यापासून रोज दुपारी बाराला, कामावर असशील तिथून, मला ऑफिसात फोन करायचा." त्याने सुशांतकडे बघितलं नाही, ताटाकडे बघत होता. "आणि विचारायचं, जेवलात का. मी हो म्हटलं तर विचारायचं, काय जेवलात. मुनिरा म्हणून एक बाई आहे आमच्याकडे, पाहिजे तर तिला विचारून खात्री करायची. आणि एखाद्या दिवशी मी फोन उचलला नाही, किंवा काहीतरी भलतंच बोललो, तर... तर लगेच यायचं. टॅक्सी करून."

सुशांतने आमटीचं पातेलं उचललं.

"किती दिवस काका?"

"मी सांगेपर्यंत. चोरी केलीस ना? मग भोग."

"भोगतो," सुशांत म्हणाला, आणि वाटी भरली, अगदी काठोकाठ.